गंजीपाशी दिसलेला माणूस

आम्ही राहायला गेलो तेव्हा चिखली हे धड गाव राहिलं नव्हतं आणि धड शहरही झालं नव्हतं. तात्यांच्या शेताच्या बांधाला लागून पत्र्याच्या खोल्यांची एक रांग होती, त्यातल्या कडेच्या दोन खोल्या आमच्या. तात्या म्हणजे आमचे घरमालक, मूळचे तिथलेच शेतकरी. अर्धी जमीन त्यांनी शेडवाल्यांना दिली होती आणि उरलेल्या अर्ध्या जमिनीत ज्वारी करत होते. समोर गोठा, गोठ्यात म्हशी, गोठ्याच्या पलीकडे कडब्याची गंजी, आणि आमच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या पॉवर प्रेसची शेड. त्या प्रेसचा धप्प धप्प आवाज सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचा आणि मांडणीवरची ताटं त्या तालावर हळूहळू कडेला सरकायची. आई दिवसातून दोनदा ती परत मागे ढकलायची. पाहुणे आले की पहिल्या दिवशी म्हणायचे, कसे राहता हो तुम्ही इथं! मग दुसऱ्या दिवशी तेच पाहुणे प्रेस बंद पडला की विचारायचे, काय झालं? आता मी मोशीत राहते, सातव्या मजल्यावर. इथे इतकी शांतता असते की फ्रीज चालू झाला तरी दचकायला होतं. परवा बसने चिखलीवरून गेले तर ती जागा मला सापडलीसुद्धा नाही. जिथे गंजी असावी असं वाटलं तिथे मोबाईलचं दुकान होतं.

आई खानावळ चालवायची. पाटी वगैरे काही नव्हती. कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी गाववाला कंपनीत लागायचा, खोली घ्यायचा आणि पहिल्या आठवड्यात वडापावला कंटाळून आमच्या दारात येऊन उभा राहायचा. पोरं तिन्ही शिफ्टची असल्यामुळे आमच्या घरात चूल विझायची म्हणून नाही. कुणी पहाटे डबा घेऊन जायचा, कुणी दुपारी ताटावर बसायचा, रात्रपाळीवाला सकाळी येऊन आधी जेवायचा आणि मग झोपायला जायचा. दिवसा झोपणारी ती पोरं होती म्हणून आमच्या रांगेत एक अलिखित कायदा होता: दुपारी भांडायचं असेल तर रस्त्यावर जाऊन भांडायचं. प्रेसच्या आवाजात गाढ झोपणारी ही पोरं बायकांच्या बोलण्याने मात्र लगेच जागी व्हायची, याचं मला फार हसू यायचं. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, त्यामुळे आईच्या हातचा अख्खा मसूर आणि खर्डा हे ठरलेलं. पण पोरं लातूर-नांदेडपासून कोकणापर्यंतची. कुणाला भात हवा, कुणाला भाकरी, कुणाच्या आमटीत गूळ चालायचा नाही. आई कुरकुर करत करत सगळ्यांचं करायची. तिची अट एकच होती. जेवायला बसलेल्या माणसाने बिडी-सिगारेट ओढलेली असता कामा नये, निदान तिला वास येता कामा नये.

या अटीचा सर्वांत जास्त त्रास बालाजीला व्हायचा. बालाजी लातूरकडचा, उंच, किडकिडीत, बोलायला मोकळा आणि जेवायला वाघ. एका मोठ्या कंपनीत ट्रेनी होता आणि पर्मनंट व्हायची वाट बघत होता. ती वाट बघणं म्हणजे काय असतं ते आमच्या पट्ट्यातल्या माणसालाच कळेल. पर्मनंट झालं की लग्न, पर्मनंट झालं की खोलीचं घर, पर्मनंट झालं की गावाकडे मान. आणि ते व्हायच्या आधी एखादं भांडण, एखादी पोलीस तक्रार नावावर आली की कंपनी दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवायची, कारणसुद्धा सांगायची नाही. बालाजी म्हणायचा, "काकू, मी तर आजकाल रस्त्यानं चालताना कुत्र्यालाबी वाट देऊन चालायलोय." आईने त्याच्याकडून येसर आमटी कशी करायची ते विचारून घेतलं होतं आणि त्याच्या मते ती पहिल्यांदा चुकली होती, दुसऱ्यांदा सुधारली होती आणि तिसऱ्यांदा त्याच्या आईपेक्षा चांगली झाली होती. हे शेवटचं वाक्य गावाला कळवू नका, असंही त्याने बजावलं होतं. बिडी ओढायला तो गोठ्यापलीकडे जायचा, गंजीच्या आडोशाला. हे सगळ्यांना माहीत होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एका गिअरच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. दिवसभर मायक्रोमीटर आणि गेज घेऊन माल तपासायचा, बसला तर पास, नाही बसला तर लाल रंग. त्यांची नजर फार तयार होती आणि त्यांना ते माहीतही होतं. भिंतीवरचं कॅलेंडर जरासं कललं असेल तर ते जेवता जेवता उठून सरळ करायचे. आईने भाकरी टाकली की ताटाकडे बघून, "ही रिजेक्ट," म्हणायचे आणि आई म्हणायची, "मग उपाशी पास व्हा." खोटं त्यांना जमायचंच नाही. वर्गणी मागायला आलेल्या पोरांना आम्ही घरात नाही असं सांगायचं असलं तर आई अण्णांना आधी मोरीत पाठवायची. रांगेत काहीही वाद झाला, नळावरच्या नंबराचा असो की कुणाची कोंबडी कुणाच्या खोलीत गेली त्याचा असो, लोक म्हणायचे, अण्णांना विचारा, त्यांनी बघितलं असेल तर प्रश्नच मिटला.

त्या दिवशी अण्णा पहिली शिफ्ट करून येत होते. बस फाट्यावर सोडायची आणि तिथून ते शेताच्या वाटेने चालत यायचे. गंजी पेटली ती त्याच सुमाराला. मी कॉलेजातून येऊन वेणी घालत बसले होते. आधी धुराचा वास आला, मग तात्यांच्या घरातल्या बायकांचा ओरडा, मग सगळी रांग बादल्या घेऊन धावली. वाळलेला कडबा तो, त्याला काय लागतंय. म्हशी सोडून बाजूला काढल्या एवढंच हाती लागलं. तात्या आगीसमोर हात खाली सोडून उभे होते आणि तोंडाने नुसतं "आरं… आरं…" म्हणत होते. वर्षभराचं वैरणीचं धन होतं ते, आणि म्हशी तर त्यांच्या पोटच्यासारख्या. तात्यांचा मला पुढे फार राग आला, पण त्या दिवशीचा त्यांचा चेहरा आठवला की तो राग जास्त वेळ टिकत नाही.

अण्णा घरी आले ते काळेठिक्कर. मोरीत बसून ते हात धूत होते, मी तांब्याने पाणी घालत होते आणि आई टॉवेल घेऊन उभी होती. तेव्हा ते जे बोलले ते मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं. म्हणाले, "मी बांधावर होतो, तेव्हा धूर नुकता निघत होता. कोणीतरी गंजीपासनं ओढ्याकडं चाललं होतं. पाठमोरं. निळा शर्ट होता, कंपनीचा असतो तसला. मी ओ म्हणून हाक मारली, तर वळूनसुद्धा बघितलं नाही. मग मी आगीकडं पळालो." आईने विचारलं, "कोण होतं?" अण्णा म्हणाले, "काय कळलं नाही." आणि त्यांनी साबण मागितला. विषय एवढाच झाला.

पण आमच्या रांगेत पत्र्यापलीकडचं सगळं ऐकू जायचं, संध्याकाळी तात्या आमच्या दारात आले. आईने चहा ठेवला. तात्या उंबऱ्यावरच बसले आणि अण्णांना म्हणाले, "तुमी बघितलं म्हनं त्याला?" अण्णांनी तेच सांगितलं, पाठमोरा होता, निळा शर्ट होता. तात्यांनी थोडा वेळ मान हलवली आणि मग विचारलं, "उंच व्हता का?" अण्णा म्हणाले, "असेल. लांबून काय…" "बालाजीएवढा असंल का?" अण्णा विचारात पडले. "असेल, तेवढा असेल." मग तात्या म्हणाले, "त्याच्या हातात बिडी व्हती का काडीपेटी?" अण्णा म्हणाले, "एवढं नाही बघितलं तात्या." पण हे म्हणायच्या आधी ते जरा थांबले. त्या थांबण्यात ते आठवायला लागले होते, असं मला आता वाटतं. तात्यांची आणि बालाजीची पाण्यावरून आधीच्या आठवड्यात चांगली जुंपली होती, त्यामुळे तात्यांच्या मनात नाव तयार होतं. त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरंच वाटत होतं की ते नुसते विचारत आहेत.

मग पुढचे दोन-तीन दिवस तेच. फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर, नळावर, बसमध्ये, जो तो अण्णांना विचारायचा. आणि कुणी "काय बघितलंत?" असं विचारायचं नाही. विचारायचे, "पळत होता का हो?" विचारायचे, "कंपनीचं नाव होतं का शर्टवर? बालाजीच्या शर्टवर असतं तसं?" विचारायचे, "घाबरलेला दिसत होता का?" अण्णा आपले सरळ माणूस, विचारलं की उत्तर द्यायचं, आणि उत्तर देण्याआधी डोळे बारीक करून नीट आठवायचं. पहिल्या दिवशी "चालला होता" होतं, त्याचं "भराभर चालला होता" झालं आणि मग "पळालाच जवळजवळ" झालं. "हातात काय बघितलं नाही" याचं "हातात काहीतरी होतं" झालं. मी प्रत्येक वेळी आसपास असायचेच असं नाही, पण आमच्या दोन खोल्यांत कुणी खाकरलं तरी सगळ्यांना ऐकू जायचं. निळे शर्ट म्हणाल तर आमच्याकडे कुणाच्या अंगात नव्हते? कंपनीने वर्षाला दिलेले शर्ट पोरं भावाला देत, गाववाल्याला देत. आमचा भाजीवाला निळ्या शर्टात यायचा, तात्यांचा स्वतःचा गडी निळ्या शर्टात शेण काढायचा. पण त्या पट्ट्यात माणूस ओळखायचा तो शर्टावरून, ही सवय इतकी मुरलेली होती की निळा शर्ट म्हटल्यावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच कंपनी आली आणि त्या कंपनीतला आमच्या रांगेतला एकच माणूस.

बालाजीने अण्णांना स्वतः येऊन सांगितलं होतं. त्याची त्या आठवड्यात रात्रपाळी होती, म्हणजे दुपारी तो खोलीवर झोपला असणार. पण झोपलेल्या माणसाला साक्षीदार कुठून आणायचा? "काका, मी तर निजलो होतो. आग लागल्याचा गलका झाला तवाच उठलो. लोक माझ्याकडं असं कामून बघायलेत?" अण्णा त्याला "बघू, बघू" म्हणाले, पण त्याच्याकडे न बघता म्हणाले. त्या दिवशी बालाजीने अर्धीच भाकरी खाल्ली. आईने आग्रह केला नाही, म्हणजे तीही घाबरली होती.

मग हवालदार आले. चौकशी म्हणून आले, पण तात्यांबरोबर आले आणि तात्यांच्या घरचं दूध पिऊन आले. मोठे गोड माणूस होते. आईचे पोहे त्यांनी दोनदा मागून घेतले. म्हणाले, "जबाब चौकीत लिहून घेऊ, तुमची सुट्टी गुरुवारी असते ना, तेव्हा या. आत्ता नुसतं बोलू." आणि बोलता बोलता त्यांनी विचारलं, "पळताना त्यानं मागं वळून बघितलं, तेव्हा तुम्हाला चेहरा पूर्ण दिसला का अर्धा?" मी आतल्या खोलीत कांदा चिरत होते. माझा हात थांबला. अण्णांनी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "अर्धा. डाव्या बाजूचा." हवालदार म्हणाले, "बालाजीचाच?" अण्णा म्हणाले, "हो. त्याचाच वाटतोय."

मी आईकडे बघितलं. आई चुलीपुढे बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली होती. हवालदार गेल्यावर मी तिला हळूच म्हटलं, "आई, हाक मारली तर वळला नाही असं म्हणाले होते ना गं?" आई म्हणाली, "मी पण होते तिथं. बहिरी नाही मी." "मग बोल ना त्यांना." "काय बोलू? तुम्ही खोटं बोलताय म्हणू? आयुष्यात कधी खोटं बोललं नाही ते माणूस." मला आईचा इतका राग कधी आला नव्हता आणि इतकी कीवही कधी आली नव्हती. ती नवऱ्याला घाबरत नव्हती. तिला भीती होती ती अण्णांना काय वाटेल याची.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझी भाची, मामेबहिणीची मुलगी, हे सगळं ऐकते तेव्हा मध्ये मध्ये विचारते, "मावशी, आगीच्या ज्वाळा झाडापर्यंत गेल्या होत्या का गं?" आणि मी पहिल्यांदा "झाड नव्हतं तिथं" म्हणाले होते. आता ती विचारते तेव्हा मला एक झाड दिसायला लागलं आहे, बहुतेक बाभळीचं. तेव्हा मोरीतलं अण्णांचं बोलणं मला जसंच्या तसं आठवतं असं मी वर लिहिलं खरं, पण त्यावर विश्वास ठेवलात तर तो माझ्यामुळे ठेवू नका. आईलाही ते तसंच आठवत होतं आणि मी तिला काही विचारायच्या आधीच तिच्या हातातली फुंकणी थांबली होती, म्हणून ठेवा.

गुरुवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून चौकीला निघाले. मागची शेड बंद, प्रेस बंद, त्यामुळे घरात प्रत्येक शब्द ठणकन वाजत होता. बालाजी त्या दिवशी डब्याला आलाच नव्हता. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही त्या दिवशी हात धुताना म्हणाला होता, की तो वळला नाही."

"कधी?"

"त्या दिवशीच. मी पाणी घालत होते. तुम्ही म्हणालात, पाठमोरा होता, हाक मारली तर वळून बघितलं नाही, कोण ते कळलं नाही."

अण्णांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी चौकीत जाऊन खोटं सांगणार आहे? त्या पोराशी माझं काय वैर आहे? शैले, मला चेहरा दिसतोय. आत्ता तू दिसतेस तसा दिसतोय. डावा गाल, कानाजवळचे केस. हे मी काय बसल्या बसल्या रचलं?"

मला रडू यायला लागलं होतं, पण मी दारातून हलले नाही. आत आई उठून उभी राहिली होती. ती म्हणाली, "अहो, पाठमोऱ्या माणसाचा गाल कसा दिसला?" एवढंच म्हणाली. आणि परत खाली बसली.

अण्णा खुर्चीवर बसले. मग आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आमच्याकडं नवीन पोरगा आला की मी पहिलं काय शिकवतो माहितीय? आधीच्या शिफ्टचं रीडिंग बघायचं नाही. आधी आपला पीस मोज, आपलं लिही, मग त्याचं बघ. आकडा आधी कळला की मायक्रोमीटरसुद्धा तोच आकडा दाखवतो. हात तिथंच थांबतो." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "मला कोणीतरी आकडा सांगितलाय का गं?" मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "नको. काही सांगू नकोस. कोणीच काही विचारू नका. चल माझ्याबरोबर."

आम्ही शेतात गेलो. गंजीच्या जागी काळा गोल डाग होता आणि अजून जळका वास होता. अण्णा बांधावर जिथे होते तिथे जाऊन उभे राहिले, पुढे-मागे सरकून त्यांनी जागा पक्की केली आणि मला म्हणाले, "गंजीपासनं ओढ्याकडं चालत जा." मी चालायला लागले. उन्हं वर आली होती, समोरची ढेकळं पांढरी दिसत होती. मागून अण्णांनी मोठ्याने "ओ!" अशी हाक मारली आणि मी वळले. कुणीही वळलंच असतं. अण्णा तिथून ओरडले, "तू वळलीस." मग ते बांधावरच खाली बसले. मी धावत गेले तर म्हणाले, "तो नव्हता वळला. मला राग आला होता गं. आग लागलीय, माणूस हाक मारतोय आणि हा बघतसुद्धा नाही, म्हणून राग आला होता. तो राग आठवला मला आत्ता." मला वाटलं, सुटलो. मी म्हटलं, "मग चेहरा गेला ना?" त्यांनी डोळे मिटले, थोडा वेळ तसेच बसले आणि मान हलवली. "नाही गेला. आहे तिथंच."

चौकीत ते मलाही घेऊन गेले. आईने विरोध केला, कॉलेजातली पोरगी, चौकीत कशाला. ते म्हणाले, "ती पुढं असली की मी सरळ बोलेन." मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, पण दार उघडं होतं. तात्या आधीच आत येऊन बसले होते. हवालदारांनी पेन उघडलं आणि गोडीत म्हणाले, "तर, पळताना त्यानं मागं वळून बघितलं…" अण्णा म्हणाले, "साहेब, आधी मला माझं माझं सांगू द्या. मध्ये काही विचारू नका." आणि त्यांनी सांगितलं. बांध, धूर, ओढ्याकडे चाललेला माणूस, निळा शर्ट, हाक, न वळणं. एवढंच.

हवालदार म्हणाले, "आणि चेहरा?"

"चेहरा दिसतो मला. तुमच्यासमोर बसलोय तरी दिसतोय. पण त्या दिवशी मी तो बघितलेला नाही."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे मी काय लिहू?"

"पाठमोरा होता, एवढंच लिहा."

तात्या उठून उभे राहिले. "अण्णा, तुमी माज्याम्होरं बोलला हायसा. अर्धा चेहरा बघितला म्हनून. माजी गंजी गेली आन तुमी खानावळीचं गिऱ्हाईक जपताय व्हय?"

अण्णा म्हणाले, "बोललो होतो तात्या. खोटं नव्हतो बोलत. पण ते मी बघितलेलं नव्हतं. ते विचारलेलं होतं."

तात्यांना ते कळलं नाही. कसं कळावं? त्यांच्या दृष्टीने आठ दिवस एक बोलणारा माणूस गुरुवारी दुसरं बोलला. रांगेतही तेच झालं. अण्णा फिरले, असं लोक उघड म्हणू लागले. नळावर आईशी बायका बोलेनाशा झाल्या, आणि जे कुठल्याही वादात अण्णांना विचारा म्हणायचे ते आता अण्णा आले की विषय बदलायचे. यातलं शेवटचं त्यांना सर्वांत जास्त लागलं. महिन्याच्या आत तात्यांनी खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. आम्ही दिघीला गेलो, तिथे लष्कराच्या भिंतीपलीकडून बिगुल ऐकू यायचा आणि मला काही दिवस प्रेसच्या आवाजावाचून झोप लागेना. जुनी पोरं सायकलींना डबे अडकवून दिघीपर्यंत यायची. गंजी कशाने पेटली ते कधीच कळलं नाही. शेडमधली ठिणगी असेल, कुणाची बिडी असेल, ओढ्याकडे गेलेला तो माणूस नुसता आडवाटेला चाललेला कुणी असेल, आणि कदाचित कानाने अधू असेल. बालाजीवर तक्रार झाली नाही. तो पर्मनंट झाला, तेव्हा पेढे घेऊन सगळ्यांच्या आधी आमच्याकडे आला आणि आईच्या पाया पडला. अण्णांच्याही पाया पडला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

तेव्हापासून बालाजी आमच्या घरचाच झाला. त्याचं लग्न, त्याची मुलं, आईचं शेवटचं आजारपण, सगळ्यात तो होता. तरी अण्णा त्याच्याशी बोलताना कधी त्याच्या डाव्या बाजूला बसायचे नाहीत. हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं असेल असं मला वाटत नाही. आणि इतक्या वर्षांत त्या दुपारचा विषय दोघांनीही काढला नाही.

आई गेल्यावर अण्णा माझ्याकडे मोशीला आले. दृष्टी कमी झाली होती, ज्या नजरेचा त्यांना अभिमान होता तिने बहुतेक काम आवरतं घेतलं होतं. बालाजी रविवारी यायचा. स्वतः रिटायर झालेला, पोट सुटलेलं, पण जेवण तेच. अशाच एका रविवारी दोघे गॅलरीत बसले होते आणि मी त्यांना ताक द्यायला गेले. अण्णा मध्येच म्हणाले, "बालाजी, त्या दुपारी तू कुठं होतास?"

कुठली दुपार, असं बालाजीने विचारलं नाही. तो म्हणाला, "खोलीवर. निजलो होतो काका."

अण्णांनी मान हलवली. "मी हे तुला कधी विचारलंच नाही. कोणीच विचारलं नव्हतं ना?"

"न्हाई. तुम्हीच पहिले."

"माझ्या डोळ्यासमोर तू अजून तिथं आहेस रे. बाकी काही दिसत नाही आता, या पोरीचा चेहरासुद्धा धड दिसत नाही. तेवढं स्पष्ट दिसतं. तू वळून बघतोयस."

बालाजीने खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. "असू द्या की काका. तुम्ही तसं बोलला न्हाईत, बस्स झालं."

अण्णा म्हणाले, "बोललो असतो. शपथ घेऊन बोललो असतो मी."

बालाजीने हात सोडला नाही. मी ताकाचे पेले तसेच ठेवले आणि आत गेले.